निवेदनाची पोच मिळते, पुढे काय? कोकणातल्या बांधकाम संघटनेने शासनात बाजू कशी मांडावी

प्रश्न असा आहे: "तालुक्यातले शासकीय ठेकेदार, इमारत विकासक, चिरेखाणवाले आणि साहित्य पुरवठादार मिळून आम्ही संघटना नोंदवली. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, आमदार सगळ्यांना निवेदने देतो. पोच मिळते, वर्तमानपत्रात फोटो येतो, पण काही हलत नाही. शासनात आमची बाजू लावून धरायची तर नेमके काय करायचे?"

निवेदन हलत नाही याचे कारण बहुतेक वेळा त्या निवेदनातच असते. वाळूचा प्रश्न सोडवा, थकलेली देयके द्या, सीआरझेड (समुद्र-खाडीकाठच्या बांधकामावरचे किनारी नियमन क्षेत्र) शिथिल करा, उतारावरच्या परवानग्या द्या, असे सात-आठ मुद्दे एका कागदावर लिहिले की तो कागद कोणत्याच टेबलाचा राहत नाही. वाळू महसूल विभागाची, देयके बांधकाम आणि वित्त विभागाची, सीआरझेड केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा, उताराची अट नगरविकासची. पहिले टेबल आपल्यापुरत्या ओळीला उत्तर देते आणि बाकीचे 'संबंधित विभागाकडे वर्ग' करून मोकळे होते. म्हणून एका कागदावर एकच मागणी लिहा, आणि ती ज्याच्या अधिकारात आहे त्याच्याच नावे द्या.

मंत्र्यांचा शेरा मिळाला म्हणजे काम झाले, हा दुसरा गैरसमज. 'तपासून सादर करा' असा शेरा घेऊन कागद विभागाच्या आवकेत जातो, तिथून कार्यासनात, म्हणजे तो विषय सांभाळणाऱ्या कक्षात. सहायक कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी वर चढते. धोरणाचा विषय असेल तर मधेच कोणीतरी लिहितो, 'क्षेत्रीय कार्यालयाचे अभिप्राय घ्यावेत.' मग कागद उलटा खाली येतो. नगररचनेचा असेल तर पुण्याच्या संचालकांकडे, तिथून कोकण भवनातल्या सहसंचालकांकडे आणि शेवटी रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या जिल्हा शाखेत. तिथल्या अधिकाऱ्याला विषयाची काहीच पार्श्वभूमी नसेल तर तो एका ओळीत लिहितो, 'प्रचलित नियमानुसार कार्यवाही करावी.' मागणी तिथेच संपते, आणि संघटनेला ते कळतही नाही. म्हणून सुरुवात खालून करा. ज्याचा अभिप्राय मागितला जाणार आहे त्याला आधी भेटा, त्याची अडचण ऐका, त्याला पटेल असा पुरावा त्याच्या हाती ठेवा, आणि मग मंत्रालयात जा. फाइल अडल्यासारखी वाटली तर माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली टिपणीची प्रत मागा. माहिती देण्यासाठी कायद्याने 30 दिवस दिले आहेत. आपल्या मागणीवर नेमका कोणता आक्षेप लिहिला गेला हे त्या टिपणीतून समजते. दुसरे निवेदन त्या आक्षेपाचे उत्तर असायला हवे, पहिल्याची नक्कल नव्हे.

आता मागणी कशी लिहायची ते पाहू. नुसता 'पावसाळ्याचा विचार व्हावा' हा मजकूर निरुपयोगी आहे, कारण त्यावर सही करता येत नाही. अधिकाऱ्याला बदललेले वाक्य तयार हवे. निविदेत कामाचा कालावधी '9 महिने, पावसाळ्यासह' असतो. कार्यारंभ आदेश एप्रिलअखेर मिळाला तर जानेवारीअखेर मुदत संपते. त्यातले जून ते सप्टेंबर हे चार महिने मातीकाम, डांबरीकरण आणि पुलाच्या पायाच्या उपयोगाचे नाहीत. म्हणजे हातात पाचच महिने उरतात. मुदत टळली की बी-1 या शासकीय ठेक्याच्या छापील करारातल्या कलम 2 खाली दंड लागतो, आणि कलम 6 खाली मुदतवाढीचा अर्ज करून अधिकाऱ्याच्या मर्जीवर बसावे लागते. इथे मागणी अशी लिहावी:

'रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील मातीकाम, डांबरीकरण व पुलांच्या पायाच्या कामांचा निविदेतील कालावधी मोजताना 10 जून ते 30 सप्टेंबर हे दिवस वगळावेत. या काळात छपराखाली करता येण्याजोगी परिशिष्टातील कामे चालू ठेवणे ठेकेदारावर बंधनकारक राहील.'

दुसरे वाक्य गाळू नका. पहिल्या वाक्यात शासनाकडून मागणी आहे, दुसऱ्यात आपण काय देतो ते आहे, आणि टिपणी लिहिणाऱ्याला ते दाखवता येते. सोबत कृषी विभागाच्या मंडळनिहाय पर्जन्यनोंदी पाच वर्षांच्या, आणि वीसेक पूर्ण कामांचा तक्ता जोडा: कार्यारंभाची तारीख, मूळ मुदत, प्रत्यक्ष पूर्णता, मंजूर मुदतवाढ. सगळ्याच कामांना मुदतवाढ द्यावी लागली असेल तर मूळ मुदतच चुकीची होती, हे तक्ताच सांगतो. त्यासाठी भाषण लागत नाही.

दरांच्या बाबतीत सर्वांत जास्त वेळ वाया जातो, म्हणून थोडे थांबून सांगतो. 'राज्य दरसूचीतले दर कोकणाला परवडत नाहीत' हे कार्यकारी अभियंत्याला सांगून काही होत नाही, कारण दरसूची त्याच्या हातात नाही. अंदाजपत्रकासोबत जोडला जाणारा लीड चार्ट (साहित्याच्या वाहतूक अंतराचा तक्ता) मात्र बांधकाम खात्याच्या विभाग आणि मंडळ पातळीवर दुरुस्त होतो. वाळू, खडी, जांभा कोणत्या खाणीतून किती अंतरावरून येणार हे त्यात लिहिलेले असते. घोटाळा असा होतो की चार्टमध्ये जवळची जुनी खाण किंवा खाडीतला गट तसाच राहतो, आणि प्रत्यक्षात तो परवाना केव्हाच संपलेला असतो. माल येतो घाट उतरून, आणि दर मिळतो खाडीच्या अंतराचा.

हे आकड्यात दाखवा. एम-20 काँक्रीट 1:1.5:3 प्रमाणात घेतले तर एका घनमीटरला साधारण 8 पोती सिमेंट, 0.42 घनमीटर वाळू आणि 0.84 घनमीटर खडी लागते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे 2.83 घनमीटर. म्हणून घनमीटरमागे वाळू सुमारे 0.148 ब्रास. वाहतुकीत ब्रासमागे 1,000 रुपयांचा फरक पडला तर काँक्रीटच्या घनमीटरमागे 148 रुपये पडतात, आणि 200 घनमीटरच्या कामात जवळपास 30,000 रुपये. यात फक्त वाळू धरली आहे. खडीचे प्रमाण दुप्पट आहे. पुरावा म्हणून महाखनिज या शासनाच्या गौण खनिज प्रणालीवरचे वाहतूक परवाने, वजनकाट्याच्या पावत्या आणि जीएसटी बिले लावा. पुरवठादाराने कोऱ्या कागदावर लिहून दिलेला भाव लावू नका. एक खोटा कागद निघाला तर उरलेल्या पन्नास खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

वाळूच्या बाबतीत पारंपरिक हातपाटीवाले (बुडी मारून हाताने वाळू काढणारे) आपल्या बाजूचे आहेत. सक्शन पंपाने उपसा करणाऱ्यांची पाठराखण संघटनेने चुकूनही करू नये. त्या उपशाने खाडीचे काठ ढासळतात, मासेमारी बुडते, आणि मग मच्छीमार संस्थांच्या तक्रारींमुळे कायदेशीर गटांचे परवानेही अडकतात. राज्याने 2025 साली कृत्रिम वाळूचे धोरण आणले आहे. तालुक्यात क्रशर आहेत तिथे त्याचा लाभ कोणाला, कोणत्या अटीवर मिळतो, याचा पाठपुरावा केल्यास खाडीवरचा भार कमी होईल. क्रशरची धूळ आंब्याच्या मोहोरावर बसते ही बागायतदारांची तक्रार खरी आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी मारणे आणि डंपरवर ताडपत्री घालणे संघटनेने स्वतःहून बंधनकारक करावे आणि तो ठराव निवेदनाला जोडावा.

उतारावरच्या बांधकामाचा विषय सर्वांत नाजूक. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 मध्ये आली. 1:5 किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला निर्बंध आहे. 1:5 म्हणजे पाच मीटर आडव्या अंतरात एक मीटर चढ, सुमारे 11 अंश. कोकणात समुद्राची पट्टी आणि सडा (माथ्यावरचे खडकाळ पठार) सोडला तर अशा जमिनी फार. सभासदांचा आग्रह असतो की अटच काढा. ही मागणी मी कोणत्याही संघटनेला करू देणार नाही. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली, 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. ही गावे विकासकांनी बांधलेली नव्हती हे खरे, पण पावसाने भिजलेला उतार बांधणारा कोण हे पाहत नाही. आपल्याकडे वर कठीण जांभा आणि खाली मऊ चिकणमाती असते. पाणी जांभ्याच्या भेगांतून खाली उतरते आणि मातीच्या थरावर साचते. पायथा कापला की वरचा सगळा भाग सुटतो.

मग मागायचे काय? मोजणीची पद्धत. उतार संपूर्ण गटाचा सरासरी धरायचा, की प्रत्यक्ष बांधकामाच्या जागेचा, यावर अधिकाऱ्यागणिक निर्णय बदलतो. दोन एकरांच्या गटात वरचा अर्धा एकर सपाट असला तरी काही ठिकाणी पूर्ण गट नाकारला जातो, आणि काही ठिकाणी सरासरीच्या आधारे धोकादायक तुकडाही मंजूर होतो. दोन्ही वाईट. संघटनेने दहा खऱ्या गटांचे टोटल स्टेशनने सर्वेक्षण करून एक मीटर अंतराच्या समोच्च रेषांचे नकाशे करावेत, त्यावर दोन्ही पद्धतींचे निकाल रंगवून दाखवावेत. सोबत प्रस्ताव द्यावा: बांधकामाची जागा आणि तिच्याभोवतीची ठरावीक रुंदी मोजावी, ठरावीक उंचीवरच्या प्रत्येक कापणीला भूतंत्रज्ञाचा अहवाल, पाणी निघायला छिद्रे ठेवलेली संरक्षक भिंत आणि वरच्या अंगाला चर सक्तीचा असावा. खर्च वाढेल. तरीही हा प्रस्ताव द्यावा, कारण त्या घरांत माणसे राहणार आहेत.

नियमावलीतला बदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37(1कक) आणि प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात कलम 20 खाली होतो. राजपत्रात सूचना निघते, हरकती मागवल्या जातात, नेमलेला अधिकारी सुनावणी घेऊन शासनाला अहवाल देतो. अनेकदा त्याच वेळी कलम 154 चे निर्देश काढून प्रस्तावित बदल लगेच लागू केला जातो. म्हणजे सुनावणीला आपण पोहोचतो तेव्हा नियम अमलात आलेला असतो. म्हणून आपला मसुदा ती सूचना निघण्याआधीच नगररचना संचालनालयात पोहोचला पाहिजे. हरकतीचा अर्ज मात्र मुदतीत, स्वतंत्रपणे आणि पोच घेऊन द्याच. अर्ज नसेल तर सुनावणीत बोलायला मिळत नाही.

सीआरझेडमध्ये कोकणाला खरोखर उपयोगी असलेला मुद्दा खारबंदिस्तीचा (खारे पाणी अडवणाऱ्या बांधांचा) आहे आणि तोच सर्वांत कमी मांडला जातो. 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेत तरतूद आहे की 19 फेब्रुवारी 1991 पूर्वी बांधलेला बांध किंवा उघाडी (पाणी सोडण्याची झडप) असेल तर भरतीरेषा त्या बांधापर्यंतच धरायची. व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशावर ही रेषा बांध ओलांडून शेतात गेलेली दिसली तर दुरुस्ती मागता येते. त्यासाठी खारभूमी विकास विभागाकडून बांधाचे नाव, बांधल्याचे वर्ष आणि लाभक्षेत्र यांची नोंद, भूमी अभिलेखाचा गाव नकाशा आणि जुना सातबारा लागतो. 'आमच्या आजोबांच्या वेळचा बांध आहे' हे तोंडी सांगून रेषा सरकत नाही. त्याच तरतुदीत पुढे असेही आहे की बांधाच्या आत खारे पाणी शिरून कांदळवन उगवले असेल तर ते क्षेत्र सीआरझेड-1अ या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गातच राहते. फुटलेला बांध वर्षानुवर्षे न दुरुस्त केल्याचा हा परिणाम. तिथे जमीन मोकळी करण्याची मागणी करू नका. बांधांची दुरुस्ती वेळेवर व्हावी, ही मागणी शेतकऱ्यांना सोबत घेऊन करा. खाडीलगत 2019 च्या अधिसूचनेत 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले जे कमी ते अंतर आहे. जुन्या 100 मीटरच्या आधारे अजून कोणी अर्ज नाकारत असेल तर मंजूर आराखड्याचा नकाशा क्रमांक लिहून दाखवा.

पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याबाबत गावोगाव चुकीचे बोलले जाते. 10 मार्च 2014 पासून मसुदे निघत आले. 31 जुलै 2024 चा सहावा. त्यात महाराष्ट्राचे 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र आहे आणि हरकतींना 60 दिवस होते. साधे घर बांधायला त्यात बंदी नाही. बंदी आहे ती 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना आणि मोठ्या नगरवसाहतींना. चिऱ्याला मात्र धक्का आहे, कारण नवीन खाणकाम बंद आणि चालू खाणी पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे त्यात म्हटले आहे. मसुद्याच्या प्रत्येक टप्प्यावर हरकत गावनिहाय द्यायची: परिशिष्टातले गावाचे नाव, गट क्रमांक, परवान्याची मुदत, रोजगार, आणि खाण बुजवून झाडे लावण्याचा आराखडा. छापील एकसारखी पाचशे पत्रे पाठवली तर त्यांचे वजन पडत नाही.

थकीत देयकांसाठी मोर्चा काढण्याआधी तक्ता करा. कामाचे नाव, लेखाशीर्ष (अर्थसंकल्पातल्या खर्चाचा क्रमांक: 3054, 5054 की 2515), मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याची तारीख, देयक नोंदल्याची तारीख, रक्कम. कोणत्या शीर्षाखाली तरतुदीपेक्षा किती जास्त कामे मंजूर झाली हे त्यातून उघड होते, आणि रोग तिथेच असतो. मग दोन गोष्टी मागा: देयके नोंदीच्या तारखेच्या क्रमाने द्यावीत, आणि पुरवणी मागण्यांत त्या शीर्षाला रक्कम घालावी. पुरवणी मागण्या अधिवेशनात मांडल्या जातात. त्यांचे प्रस्ताव विभाग त्याआधीच पाठवतो. अधिवेशन सुरू झाल्यावर धावणारी संघटना उशिरा आलेली असते. जीएसटीबाबत बोलताना सभासदांत फरक करा. शासकीय कामांवरचा दर 18 जुलै 2022 पासून 12 चा 18 टक्के झाला, तेव्हा जुन्या निविदांतला फरक मागणे रास्त होते. सिमेंटचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 झाला, पण जो ठेकेदार आदानकराची वजावट घेतो (खरेदीवर भरलेला कर आपल्या देय करातून वळता करतो) त्याच्या खर्चात त्याने फारसा फरक पडत नाही. घरे विकणारा 1 किंवा 5 टक्के कर वजावटीशिवाय भरतो, त्याचा खर्च मात्र खरोखर कमी झाला. वजावट मिळते की नाही, हा प्रश्न वित्त विभागात पहिलाच येतो.

आमदारांकडून काय घ्यायचे? भाषण नको, तारांकित प्रश्न घ्या. प्रश्नाला विभागाला लेखी उत्तर द्यावे लागते आणि त्यासाठी खालून माहिती मागवली जाते. प्रश्न नेमका लिहून द्या, 'हे खरे आहे काय; असल्यास कोणती कार्यवाही केली' या साच्यात. तातडीचे असेल तर लक्षवेधी सूचना. रायगडचे सात, रत्नागिरीचे पाच, सिंधुदुर्गचे तीन, असे 288 पैकी 15 आमदार तिन्ही जिल्ह्यांचे होतात. एवढ्यांवर राज्याचा नियम बदलत नाही. पाऊस आणि उताराचा प्रश्न सह्याद्रीच्या पलीकडल्या घाटमाथ्याच्या तालुक्यांचाही आहे, त्यांच्या संघटनांना सोबत घ्या. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया (1941) किंवा क्रेडाई (विकासकांची देशव्यापी संघटना) यांच्यामार्फत राज्य व केंद्र पातळीवर तोच मसुदा पाठवा, शब्द न बदलता.

दोन गोष्टींपासून लांब राहा. संघटनेच्या बैठकीत निविदा कोणी भरायची, किती टक्के वर भरायची, बहिष्कार कसा टाकायचा यावर चर्चा होऊ देऊ नका. स्पर्धा अधिनियम 2002 च्या कलम 3 खाली व्यापारी संघटनेचा असा ठरावच पुरावा ठरतो. आणि 'फाइल पुढे सरकावी' म्हणून वर्गणी गोळा करू नका. 2018 च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार आहे. लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलाचा अर्ज धर्मादाय कार्यालयात वेळेवर द्या. निवेदनावर सही करणारा अध्यक्ष नोंदीत नसेल तर प्रतिपक्ष तेवढाच मुद्दा धरतो.

न्यायालय शेवटी, आणि अरुंद प्रश्नावर. पुण्याच्या प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशनचे प्रकरण अभ्यासण्याजोगे आहे. पाया खणून निघालेली माती त्याच भूखंडावर वापरली तरी गौण खनिज म्हणून स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि दंड लावला जाई. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये त्या मातीचा वापर कशासाठी झाला हे पाहिल्याशिवाय केलेली आकारणी रद्द केली, आणि मे 2015 मध्ये राज्याच्या गौण खनिज नियमांत दुरुस्ती होऊन त्याच भूखंडावर वापरलेल्या मातीवर स्वामित्वधन नाही असे स्पष्ट झाले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या याचिका आता ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, रायगडच्या मुंबईला.

गौण खनिज नियमांतली ही दुरुस्ती होऊनही ज्या तालुक्यात ती पोहोचलेली नसते तिथे सपाटीकरणाच्या मातीला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) ची, म्हणजे बेकायदा उत्खननाच्या दंडाची नोटीस लागते. बदल मिळाला की त्याची प्रत प्रत्येक तहसीलदार, मंडळ अधिकारी, उपअभियंता आणि नगरपंचायतीच्या आवकेत द्या. त्या नियमाखाली मंजूर झालेल्या पहिल्या प्रकरणाचा आदेश मिळवून कार्यालयात लावा. पुढच्या सभासदाने अर्ज करताना नियमाच्या प्रतीसोबत तो आदेश जोडायचा. नवीन आलेला लिपिक आधी कोणी काय मंजूर केले तेच शोधतो.